मानेच्या नसांत प्लाक दिसला, छातीत मात्र काहीच त्रास नाही: पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वडील ७१ वर्षांचे, वाळवा तालुक्यात गावी राहतात, साखर कारखान्यातून निवृत्त. बीपीची एक गोळी चालू आहे, शुगर काठावर, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८. बिडी बऱ्याच वर्षांपूर्वी सुटली. छातीत दुखत नाही, दम लागत नाही. सांगलीत ज्येष्ठांचं चेकअप पॅकेज केलं. ईसीजी आणि टूडी एको नॉर्मल आले, पण मानेच्या कलर डॉपलरमध्ये 'दोन्ही बाजूंना आयएमटी १.० मिमी, डाव्या बल्बमध्ये २.१ मिमी जाडीचा कॅल्सिफाइड प्लाक, लक्षणीय स्टेनोसिस नाही' असं आलंय. मामा म्हणतात, लगेच अँजिओग्राफी करून टाका. वडील म्हणतात, मला काही झालेलंच नाही. कुणाचं ऐकायचं? आणि आईचंही (वय ६६, बीपी आहे, मिश्री लावते) हे डॉपलर करून घ्यावं का?"

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. मामांचंही ऐकू नका आणि वडिलांचंही. प्लाक म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर; तो दिसला, म्हणजे तुमच्या वडिलांना धमन्यांचा आजार आहे हे आता नक्की. त्यासाठी अँजिओग्राफी करावी असं मात्र या रिपोर्टमध्ये काहीही नाही. गरज आहे ती कोलेस्टेरॉलच्या गोळीची, आणि बीपी खरोखर आटोक्यात आहे का हे नीट तपासण्याची. आईंची तपासणी जरूर व्हावी, पण त्यांच्या बाबतीत मी सुरुवात मानेपासून करणार नाही.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. सांगली-मिरज भागात बरीच वर्षं रक्तवाहिन्यांचे डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करते. गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, हे तुमचे फिजिशियन ठरवतील. पण रिपोर्टमध्ये लिहिलेल्या शब्दांना किती किंमत द्यायची, हे ते शब्द रोज लिहिणाऱ्या माणसाकडून समजून घेतलेलं बरं.

"ईसीजी नॉर्मल आहे ना, मग काळजी नाही," हे वाक्य आमच्या वेटिंग रूममध्ये रोज ऐकू येतं. ईसीजी हृदयातली वीज बघतो, टूडी एको हृदयाचे स्नायू आणि झडपा बघतो. दोन्ही तपासण्यांत रक्तवाहिनीची भिंत दिसतच नाही. रक्तपुरवठा कमी पडून स्नायूला इजा झाली असेल, तर तिची खूण तिथे उमटते. ट्रेडमिलवर पळवून केलेली स्ट्रेस टेस्टही साधारणपणे तेव्हाच बिघडते, जेव्हा हृदयाची एखादी नस ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झालेली असते. त्याच्या आधीची सगळी वर्षं या तपासण्यांच्या नजरेतून निसटतात.

आणि ती वर्षं थोडी नसतात. आपल्याकडे लोकांच्या डोक्यात चित्र असतं ते ठिबकच्या नळीत क्षार साचण्याचं: आतून थर बसत गेला, भोक बारीक झालं, एक दिवस बंद. धमनीत तसं होत नाही. चरबी साचते ती भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली, आणि भिंत आधी बाहेरच्या बाजूला फुगते. शिकागोचे पॅथॉलॉजिस्ट सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ साली मृत व्यक्तींच्या हृदयाच्या मुख्य धमन्या कापून मोजल्या, तेव्हा दिसलं की धमनीच्या जागेपैकी सुमारे ४० टक्के प्लाकने व्यापेपर्यंत आतली वाट जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे आजार मुरलेला असतो आणि रक्ताला वाट पूर्ण मोकळी असते. त्रास होणार कसा? पुढे असाच एखादा, फारसं न अडवणारा प्लाक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि अटॅक येतो. "परवाच तर ईसीजी चांगला आला होता" असं घरचे सांगतात, ते खोटं नसतं.

मग हृदयाच्याच नसा सोनोग्राफीने का बघत नाही? त्या तीन-चार मिलिमीटरच्या, बरगड्या आणि फुप्फुसांच्या आड, आणि प्रत्येक ठोक्याला हलणाऱ्या. बाहेरून प्रोब लावून त्यांची भिंत दिसत नाही. मानेतली कॅरोटिड धमनी मात्र सहा-सात मिलिमीटर रुंद, कातडीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, जवळजवळ स्थिर. जबड्याच्या कोनाच्या थोडं खाली ती दोन फाट्यांत विभागते आणि तिथे किंचित फुगीर असते. तोच रिपोर्टमधला 'बल्ब'. त्या फुगीर भागात रक्ताचा प्रवाह मंदावतो, भोवरे होतात, आणि अशाच जागी प्लाक पहिल्यांदा धरतो. कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर आणि तंबाखू यांनी होणारा हा आजार एकाच धमनीपुरता राहत नाही. मानेत तो दिसला तर हृदयातही असण्याची शक्यता बरीच वाढते.

तपासणी अगदी साधी. पाठीवर झोपवतो, खांद्याखाली उशी, मान थोडी मागे आणि एका बाजूला वळवलेली. पाठीला बाक आलेल्या वयस्कर माणसांना एवढंच काय ते अवघड जातं. अशा वेळी डोक्याखाली उशी ठेवूनही काम होतं, फक्त करणाऱ्याने घाई करायची नाही. उपाशीपोटी यायला लागत नाही, इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत. गळ्यातलं काढून ठेवायचं, मफलर सोडायचा. दोन्ही बाजू धरून पंधरा-वीस मिनिटं. कुणी चार मिनिटांत आटोपलं असेल, तर तो रिपोर्ट मी फारसा मनावर घेणार नाही. प्लाक बऱ्याचदा मागच्या भिंतीवर एका कडेला असतो. आडवा आणि उभा अशा दोन्ही छेदांत, पूर्ण लांबीभर प्रोब फिरवल्याशिवाय तो सापडत नाही.

आता तुमच्या रिपोर्टकडे.

आयएमटी म्हणजे भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी. या आकड्याला लोक उगाच घाबरतात, आणि आम्हीही तो ठळक अक्षरांत छापून त्यात भर घालतो. वय वाढतं तशी ही जाडी वाढतेच. सत्तरीत ०.८, ०.९ दिसणं नेहमीचं. मोजणारा बदलला, मशीन बदललं किंवा कर्सर जरा इकडे-तिकडे पडला, की ०.१ मिमीचा फरक सहज पडतो, आणि रिपोर्टमध्ये भांडण चाललेलं असतं तेही तेवढ्याच फरकावरून. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत नेहमीच्या जोखीम-मापनासाठी आयएमटी मोजू नये असंच सांगितलं, आणि २०२१ च्या युरोपियन सूचनांचंही मत तेच आहे. तेव्हा वडिलांचा १.० हा आकडा विसरून जा. सहा महिन्यांनी तो ०.९ झाला म्हणून पेढे वाटू नका आणि १.१ झाला म्हणून झोप घालवू नका.

प्लाकचं तसं नाही. भिंत एका ठिकाणी दीड मिलिमीटरपेक्षा जाड झाली, किंवा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा निम्म्याने जास्त आत आली, की त्याला प्लाक म्हणायचं असा सर्वमान्य निकष आहे. वडिलांचा २.१ मिमी आहे, म्हणजे शंकेला जागा नाही. 'कॅल्सिफाइड' म्हणजे त्यात कॅल्शियम बसलंय. स्क्रीनवर तो पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. असा प्लाक जुना आणि तुलनेने टणक. काळपट, मऊ दिसणारा प्लाक जास्त बेभरवशाचा असतो आणि त्याचा पक्षाघाताशी संबंध अधिक. पण टणक प्लाक एका जागी सापडला, तर मऊ प्लाक दुसऱ्या कुठल्या तरी नसेत असू शकतो, म्हणून कॅल्सिफाइड हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नये.

स्टेनोसिस म्हणजे नस अरुंद होणं. 'लक्षणीय स्टेनोसिस नाही' हे वाक्य सगळ्यात जास्त घोळ घालतं. त्याचा अर्थ एवढाच की प्लाकमुळे रक्ताचा वेग वाढलेला नाही. आतल्या कॅरोटिडमध्ये वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असेल तर अरुंदपणा निम्म्याहून कमी, २३० च्या वर गेला तर ७० टक्के किंवा जास्त, असं आम्ही धरतो. वडिलांच्या रिपोर्टमध्ये हे आकडे छापलेले असतील, बघा. वाट मोकळी आहे, त्यामुळे मानेवर ऑपरेशन किंवा स्टेंटचा प्रश्नच नाही. पण तेवढ्यावरून "नॉर्मल आहे" म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून देणारे मी पुष्कळ बघितलेत. माझ्या मते या तपासणीतून मिळणारी सगळ्यात मोलाची माहिती तिथेच वाया जाते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सत्तरीत प्लाक सापडणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. अमेरिकेत बायोइमेज नावाच्या अभ्यासात हृदयरोग माहीत नसलेल्या ५,८०८ जणांची तपासणी झाली होती, सरासरी वय ६९. त्यातल्या बहुसंख्य लोकांच्या मानेत प्लाक होता. मग उपयोग काय? उपयोग प्रमाणाचा. प्लाक एकूण किती, हे मोजल्यावर पुढच्या काही वर्षांत कुणाला जास्त धोका आहे, हे नुसत्या वय-बीपी-कोलेस्टेरॉलच्या हिशेबापेक्षा चांगलं कळलं. म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये "प्लाक आहे" एवढंच नसतं. दोन्ही बाजूंना मिळून किती, कुठे, सगळ्यात जाड किती, मऊ की टणक, हे असतं. वडिलांना एकाच बाजूला एकच आहे. दोन्ही बाजूंना चार-पाच असते तर मी हेच उत्तर जरा घाईच्या सुरात दिलं असतं.

आता मामांची अँजिओग्राफी. छातीत दुखत नाही, चालताना दम लागत नाही, एको नॉर्मल आहे. समजा अँजिओग्राफी केली आणि हृदयाच्या एका नसेत ६०-७० टक्क्यांचा ब्लॉक सापडला. या वयात तसं सापडू शकतं. मग पुढे? टेबलावर झोपलेल्या माणसाला "टाकून देऊ का स्टेंट?" असं विचारलं की नातेवाईक नाही म्हणत नाहीत. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासात, स्ट्रेस टेस्ट मध्यम ते गंभीर बिघडलेल्या ५,१७९ स्थिर रुग्णांत, आधीच अँजिओग्राफी-स्टेंट-बायपास करण्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. औषधं दोन्ही गटांना नीट दिलेली होती. ज्यांना छातीत दुखत होतं त्यांचा त्रास स्टेंटने कमी झाला, तो फायदा खराच. तुमच्या वडिलांना त्रासच नाही, तर कमी काय करणार? अटॅक आलेला असताना गोष्ट पूर्ण वेगळी. तेव्हा अँजिओप्लास्टी जीव वाचवते आणि एक मिनिटही घालवू नये.

बदल होतो तो औषधात. बरेच फिजिशियन अशा वेळी एलडीएल ७० च्या खाली आणायचं ठरवतात. वडिलांचं १३८ आहे, म्हणजे साधारण निम्मं करायचंय. तेल-तुपावर कडक पहारा ठेवून एवढं होत नाही, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लागतेच. अनेक मोठ्या चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा, की एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. पंचाहत्तरीच्या पुढे, आजाराचा काहीच पुरावा नसलेल्या माणसाला नव्याने स्टॅटिन द्यावं का, यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. मानेतल्या प्लाकसारखा पुरावा हातात असला, की तो वाद बराच मिटतो. माझ्या दृष्टीने या सोनोग्राफीची खरी जागा हीच: गोळी द्यावी की देऊ नये अशा उंबरठ्यावर असलेल्या माणसासाठी.

स्टॅटिनने लिव्हर जातं, किडनी जाते, स्मरणशक्ती जाते, हे गावात कुणीतरी सांगणारच. थोड्या लोकांना अंगदुखीचा त्रास होतो, हे खरं. पण लंडनच्या सॅमसन अभ्यासात, त्रास झाला म्हणून गोळी सोडलेल्या लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नुसती कोरी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं, तेव्हा स्टॅटिनवर होणारा बहुतांश त्रास कोऱ्या गोळीवरही झाला. शुगर काठावर असलेल्यांची शुगर स्टॅटिनने किंचित वर सरकू शकते, म्हणून एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघत राहायचं. त्यासाठी गोळी नाकारायचं कारण नाही. सुरू केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी एलडीएल पुन्हा तपासा. आपल्याकडे गोळी सुरू होते आणि पुढे पाच वर्षं ती उतरवतेय की नाही हे कुणी बघतच नाही.

रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, आपणहून सुरू करू नका. मेडिकलवाल्याने सुचवली तरी नको. २०१८ च्या ॲस्प्री अभ्यासात, हृदयविकार नसलेल्या आणि बहुतेक सत्तरीपुढच्या १९ हजारांहून अधिक लोकांत तिने हृदयविकार फारसा टळला नाही आणि मोठा रक्तस्राव मात्र वाढला. वडिलांसारख्या लहान, न अडवणाऱ्या प्लाकसाठी ती द्यायची का, हे फिजिशियन पोटाचे विकार, वय आणि इतर औषधं बघून ठरवतील. अटॅक येऊन गेलेला असेल किंवा स्टेंट बसवलेला असेल त्यांनी हे वाचून आपली ॲस्पिरिन बंद करायची नाही, हेही सांगून ठेवते.

बीपीबद्दल माझा आग्रह जास्त आहे. "एक गोळी चालू आहे" यातून काही कळत नाही. घरी दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, आठवडाभर नोंदी करा. एकदा उभं राहून दोन मिनिटांनीही मोजा. वयस्कर माणसांचं बीपी उभं राहिल्यावर पडतं आणि मग ते पहाटे बाथरूमला जाताना पडतात. सोसत असेल तर १३०/८० च्या आसपास ठेवायचं. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या आणि वरून भाकरीसोबत मिठाची चिमूट, यातलं काय कमी करता येईल ते आईंशी बोला.

वडील ऐकणार नाहीत, ही तुमची खरी अडचण आहे, असं प्रश्नावरून वाटतं. त्यावर एक उपाय मला अनुभवाने पटलेला आहे, आणि त्याच्या मागे चाचणीही आहे. स्वीडनच्या वेस्टरबॉटन भागात ३,५३२ लोकांच्या मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी केली. निम्म्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्याच धमनीचं चित्र रंगांत, समजेल असं दाखवलं, नर्सने फोन करून समजावलं. उरलेल्यांना काही दाखवलं नाही. वर्षभराने चित्र बघितलेल्यांचा हृदयविकाराचा हिशेबी धोका इतरांपेक्षा कमी होता. मी स्क्रीन पेशंटकडे वळवते आणि बोट ठेवून सांगते, "हे बघा, काका, ही तुमची नस, आणि हे आत आलंय ते." कोलेस्टेरॉलचा आकडा कुणाला आपला वाटत नाही. स्वतःच्या मानेत धडधडणारी नस मात्र आपली वाटते. तुम्ही सुट्टीत गावी जाल तेव्हा फिल्म किंवा छापील चित्रं घेऊन फिजिशियनकडे वडिलांना सोबत न्या, आणि त्यांच्यासमोरच समजावून द्यायला सांगा. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून लांबून फोनवर समजावलेलं त्यांना पटणार नाही.

मान बघता बघता आणखी दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे थायरॉइडच्या गाठी. वयाबरोबर त्या इतक्या लोकांत असतात की रिपोर्टच्या तळाशी तसं वाक्य दिसलं तरी दचकू नये, बहुतेक निरुपद्रवी असतात. दुसरी जास्त महत्त्वाची: डॉपलरच्या आलेखात ठोके अनियमित दिसले, तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यातून पक्षाघात होतो आणि पेशंटला छातीत काही जाणवलेलंही नसतं. असं दिसलं की मी प्लाकचं राहू दे बाजूला, आधी ईसीजी करायला पाठवते.

वडिलांनी बिडी ओढली आहे, म्हणून दोन जागा अजून बघून घ्याव्यात असं मी सुचवीन. जांघेतली फिमोरल धमनी, कारण बिडी-सिगारेटवाल्यांत प्लाक मानेआधी तिथे सापडल्याचं मी नेहमी बघते. स्पेनमध्ये ४० ते ५४ वयाच्या बँक कर्मचाऱ्यांच्या पेसा अभ्यासातही मानेपेक्षा कंबर-जांघेच्या धमन्यांत आजार जास्त लोकांत होता. आणि पोटातली महाधमनी: ती तीन सेंटिमीटरहून रुंद झाली तर तो फुगा, आणि फुटेपर्यंत त्याची खबर लागत नाही. कधीतरी धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनी एकदा तरी ही सोनोग्राफी करावी अशी अमेरिकेत शिफारस आहे. पोटाच्या तपासणीला मात्र उपाशी जावं, गॅस असला की काही दिसत नाही.

आता आई. मिश्री म्हणजे तंबाखूच. आपल्या भागात बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत. "तंबाखू खाता का?" विचारलं की ठाम नाही म्हणतात, "मिश्री लावता का?" विचारल्यावर "दिवसातनं दोन-तीनदा" असं कळतं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होतं. हिरडीवाटे निकोटिन थेट रक्तात जातं, धूर नाही म्हणून नस वाचत नाही. त्यामुळे आईंसाठी पहिलं काम मिश्री सोडवणं. दुसरं, बीपीच्या नोंदी, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल. तिसरं, घोट्याचं बीपी. दंडाला बांधतात तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधायचा, छोट्या पेनसारख्या डॉपलरने नाडी ऐकायची आणि घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागायचं. ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या नसा अरुंद आहेत, आणि मग हृदयाचाही धोका धरायचाच. जुनी शुगर असलेल्यांत नसा कडक होऊन हे उत्तर १.४ च्या वर जातं, तेही चांगलं नाही.

आईंना एक प्रश्न विचारा: कृष्णाघाटाच्या पायऱ्या चढताना किंवा शेताच्या वाटेवर पोटऱ्या भरून येतात का, आणि दोन मिनिटं थांबल्यावर बरं वाटतं का? वयस्कर बायका हे गुडघ्यावर नाहीतर कमरेवर ढकलतात, आणि वर्षानुवर्षं तेल लावत बसतात.

एवढं झाल्यावरही गोळी द्यावी की नाही असं फिजिशियनना वाटत असेल, तर मानेचं डॉपलर. सगळंच बिघडलेलं निघालं तर गोळी द्यायचीच आहे, डॉपलरचे पैसे वाचवा. आणि मान स्वच्छ निघाली तरी हृदय स्वच्छ असल्याची ती हमी नाही. शंका उरलीच तर हृदयाचा साधा सीटी करून कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या नसांत किती कॅल्शियम बसलंय याचा आकडा, काढता येतो. त्यात इंजेक्शन नसतं, किरण थोडे असतात. या वयात स्कोअर शून्य आला तर ती खरोखर दिलासा देणारी गोष्ट असते.

शिबिरांबद्दल विचारलेलं नाही, पण गणेशोत्सवात कुणीतरी "मोफत हार्ट डॉपलर" लावणारच, म्हणून सांगते. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेबाहेर उचलून मंडपात नेता येत नाही. फिरत्या वैद्यकीय वाहनाला काही अटींवरच मुभा आहे. शिवाय अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलंय की, काही त्रास नसलेल्या सरसकट सगळ्यांच्या मानेत अरुंदपणा शोधत फिरू नये, कारण त्यातून अनावश्यक ऑपरेशनं होतात आणि ऑपरेशनमध्येच पक्षाघात होऊ शकतो. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ४६ हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला कॅल्शियम स्कोअर, घोट्याचं बीपी अशा सगळ्या तपासण्यांसाठी बोलावलं. पाच-साडेपाच वर्षांनी त्या गटातले मृत्यू किंचित कमी दिसले, पण फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. गावातल्या शिबिराने बीपी मोजलं, साखर बघितली, नाडी अनियमित आहे का हे बोटांनी तपासलं आणि मिश्री-तंबाखूबद्दल विचारलं, तर ते कुठल्याही डॉपलरपेक्षा जास्त कामाचं.

पुढचं डॉपलर कधी? वडिलांचा प्लाक लहान आहे, दर सहा महिन्यांनी मोजण्याने काही हाती लागत नाही. गोळीने तो नाहीसा होण्याची अपेक्षाही ठेवू नका. तो टणक राहावा, फाटू नये, एवढंच साधायचं असतं, आणि ते सोनोग्राफीपेक्षा एलडीएलच्या आकड्यातून जास्त कळतं. अरुंदपणा ५० टक्क्यांच्या पुढे असता तर वर्षाला एकदा बोलावलं असतं.

एकच परिस्थिती अशी, जिथे हे सगळं बाजूला ठेवून लगेच निघायचं. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, किंवा एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं अंधारलं, आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरीही. "बरं वाटतंय आता, सकाळी बघू" असं म्हणून रात्र काढू नका. गावातून सांगली, मिरज किंवा कराड, जे जवळ असेल आणि जिथे सीटी स्कॅन चालू असेल, तिथे त्याच तासात पोचा. छातीत जडपणा, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम सुटणं, यालाही हाच नियम. त्या दिवशी मानेचं जुनं डॉपलर नॉर्मल होतं की नव्हतं, याने काही फरक पडत नाही.

फिजिशियनकडे जाताना सोबत न्या: डॉपलरचा रिपोर्ट चित्रांसह, लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या तपासण्या, आठवड्याच्या बीपीची वही आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक चूर्णाच्या डब्यासकट. वडिलांच्या वडिलांना किंवा भावांना पन्नाशी-साठीच्या आत अटॅक आला असेल तर तेही सांगा. तसं असेल तर एकदा लिपोप्रोटीन-ए (रक्तातला, घराण्यातून येणारा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार) तपासायला सांगतील. ती तपासणी आयुष्यात एकदा केली की पुरते, आणि तिचं उत्तर तुमच्याही कामाचं आहे.